सिरीजच्या सगळ्या टेस्ट पाठ आहेत, पण पेपरात कुठली लावायची तेच कळत नाही

दुपारची_शिकवणी (रात्री ११:१०)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ३९. बी.एस्सी. अर्धवट सुटलं होतं, ते वीस वर्षांनी परत सुरू केलंय. घरी दुपारी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे अंकगणिती श्रेढी मला झोपेतून उठवून विचारा. टी एन काढा, एस एन काढा, पहिल्या शंभर संख्यांची बेरीज ५०५०. कॅल्क्युलसच्या पुस्तकात 'सिक्वेन्स अँड सिरीज' हे प्रकरण दिसलं तेव्हा वाटलं, चला, हे एक तरी माहेरचं निघालं.

कसलं माहेर! अंतर्गत परीक्षेत २० पैकी ७.

अभ्यास केला नव्हता असं नाही. सिरीज कन्व्हर्ज होते की डायव्हर्ज, म्हणजे अनंत पदांची बेरीज येते की नाही, हे ठरवणाऱ्या सगळ्या टेस्टचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवलाय. कंपॅरिझन, लिमिट कंपॅरिझन, रेशो, रूट, इंटिग्रल, लायब्निट्झ, राबे. भाजी काढायला फ्रिज उघडला तरी एक टेस्ट म्हणून घेते. धाकटीलाही रेशो टेस्ट पाठ झालीय, ती चौथीत आहे.

पेपरात काय केलं ते सांगते, लाज बाजूला ठेवून.

पहिली सिरीज: एन/(एन² + १). रेशो टेस्ट लावली, १ आला. १ आला की काय म्हणायचं ते आठवेना, म्हणून 'कन्व्हर्ज होते' लिहून टाकलं.

दुसरी: (एन + १)/(२एन + ३). हिच्यावर पानभर रेशो टेस्ट. परत १.

तिसरी: √(एन + १) − √एन. इथे पद शून्याकडे जातं हे मी व्यवस्थित सिद्ध केलं आणि म्हणून बेरीज येते असं लिहिलं. त्यावर सरांनी लाल पेनाने नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलंय.

घरी सराव करताना हीच गणितं मला येतात हो. स्वाध्याय ३.४ मधली सगळी सोडवलीत, उत्तरं मागे ताडून पाहिलीत. पेपरात मात्र डोकं कोरं.

वेळ मिळतो रात्री दहा ते साडेअकरा. महिन्यातला एक रविवार बचतगटाच्या रजिस्टरात जातो (सचिव मीच, दुसरं कोणी होईना). मुख्य परीक्षेला पाच आठवडे आहेत. टेस्ट आणखी पक्क्या पाठ करू, की दुसरं काही?

---

बॅकलॉग_क्लिअर (रात्री ११:३१)

ताई, मी इंजिनिअरिंगचा. एम-१ मध्ये (पहिल्या वर्षाच्या गणितात) दोनदा गटांगळ्या खाल्ल्या, तिसऱ्यांदा निघालो तो या यादीवर:

फॅक्टोरियल (१ ते एनचा गुणाकार) दिसला, रेशो. अख्खा कंस एनव्या घातात, रूट. वरखाली नुसत्या बहुपदी, लिमिट कंपॅरिझन. (−१) चा घात, लायब्निट्झ. लॉग दिसला, इंटिग्रल. यातलं काहीच नसेल तर पुढचा प्रश्न.

मागच्या पाच वर्षांचे पेपर काढा, तेच तेच फिरवून येतं. जास्त खोलात शिरू नका, पाण्याला तळ नाही.

---

खडूची_पूड (सकाळी ६:०५)

ताई, नमस्कार. एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवून आता निवृत्त आहे. सकाळी लवकर जाग येते, म्हणून तुमचा प्रश्न निवांत वाचला. या तीन चुका किती पेपरांत पाहिल्या त्याची गणती नाही, तेव्हा लाज सोडा.

आणि तो फ्रिजवरचा तक्ता आज काढा. तुमचं पाठांतर कमी पडलेलं नाही. सिरीज म्हणजे नेमका कशाबद्दलचा प्रश्न आहे, तेच निसटलंय.

तुम्ही बचतगटाचं रजिस्टर ठेवता. त्यात दोन रकाने असतात ना, जमा आणि शिल्लक? सिक्वेन्स म्हणजे जमेचा रकाना. सिरीज कन्व्हर्ज होते का हा प्रश्न मात्र शिल्लकेच्या रकान्याबद्दल आहे: खाली खाली जाताना शिल्लक एका ठरावीक आकड्यापाशी स्थिरावते का? जमा शून्याकडे जाते का हा वेगळा प्रश्न. मुलं जमेच्या रकान्यात बोट ठेवतात आणि उत्तर शिल्लकेचं देतात. मी वर्गात जन्मभर 'सिक्वेन्स ऑफ पार्शल सम्स' असं म्हणत राहिलो आणि मुलं ते तसंच उतरवून घेत राहिली. निवृत्तीनंतर सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा हे दोन रकाने सुचले. तोवर एकतीस तुकड्या हातातून गेल्या होत्या.

तुमचं तिसरं गणित या रजिस्टरात घाला. पहिली जमा √२ − √१, दुसरी √३ − √२, तिसरी √४ − √३. शिल्लक मांडत चला, मधलं सगळं कटतं आणि उरतं √(एन + १) − १. म्हणजे ९९ हप्त्यांनंतर शिल्लक ९ रुपये आणि ९९९९ हप्त्यांनंतर ९९ रुपये. तोवर हप्ता अर्ध्या पैशावर आलेला असतो, तरी शिल्लक चढतेच आहे, आणि तुम्ही सांगाल तो आकडा ती कधीतरी ओलांडणार. हप्ता शून्याकडे, शिल्लक मोकाट. लाल प्रश्नचिन्ह त्यासाठी होतं.

दुसरं गणित एका ओळीचं होतं. (एन + १)/(२एन + ३) हा हप्ता अर्ध्या रुपयापाशी येतो. दर खेपेला अर्धा रुपया पडत राहिला तर शिल्लक थांबेल कशी? डायव्हर्ज, पुढचा प्रश्न. कुठलीही टेस्ट काढण्याआधी हे बघायचं. पण हे एकाच बाजूने चालतं. हप्ता शून्याकडे गेला नाही तर निकाल लागला. गेला तर अजून काहीच ठरलेलं नाही.

पहिल्याकडे या. एन/(एन² + १). एन हजार असेल तर खालच्या '+ १' ला कोण विचारतं? उरलं एन/एन², म्हणजे १/एन. ती हार्मोनिक सिरीज, डायव्हर्ज होते, म्हणून हीही होते. लिमिट कंपॅरिझनने दोन ओळींत लिहायचं. रेशोला १ आला म्हणजे ती टेस्ट हात वर करते, बाकी काही नाही. असं का होतं हेही समजून घ्या. रेशो टेस्ट मनातल्या मनात तुमच्या सिरीजची भूमितीय श्रेढीशी तुलना करते: प्रत्येक पद आधीच्या पदाच्या किती पट? ज्या पदात एनचे नुसते वर्ग, घन, मुळं आहेत तिथे शेजारची दोन पदं पुढे पुढे जवळजवळ सारखीच होतात, म्हणून गुणोत्तर १. १/एन ला १ आणि १/एन² लाही १, आणि त्यातली एक डायव्हर्ज, दुसरी कन्व्हर्ज. ज्या तराजूवर दोघींचं वजन सारखं दाखवतं, तो तराजू इथे कामाचा नाही.

बॅकलॉग_क्लिअर यांची यादी चुकीची नाही, पेपरात वेळ वाचवते. 'लॉग दिसला की इंटिग्रल' एवढं मात्र डोळे मिटून करू नका. लॉग एन/एन घ्या (लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉग). तिसऱ्या पदापासून ती १/एन पेक्षा मोठीच आहे, म्हणून डायव्हर्ज. इंटिग्रल काढत बसायचं कारण नाही. १/(एन लॉग एन) आली तर काढा, तिथे गरज आहे.

यादीच्या आधी यायला हवी ती पदाची चाल ओळखणं. त्यासाठी एक शिडी. एनच्या जागी १० ठेवा. लॉग एन २.३. एन १०. एन² १००. २ चा एनवा घात १०२४. एन फॅक्टोरियल ३६,२८,८००. एन चा एनवा घात १० अब्ज. ही शिडी एकदा हाताने, कॅल्क्युलेटर न घेता लिहून काढा. मग २ चा एनवा घात भागिले एन फॅक्टोरियल असं काही समोर आलं की खालचा वरच्याला किती जोरात चिरडतोय हे दिसेल, आणि कन्व्हर्ज होणार हे आधी कळेल. टेस्ट त्यानंतर, सिद्ध करायला.

'घरी येतं, पेपरात येत नाही' याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे. स्वाध्याय ३.४ च्या डोक्यावर काय छापलंय? 'रेशो टेस्ट वापरून तपासा' असंच काहीसं असणार. म्हणजे निवड पुस्तकाने केली आणि तुम्ही फक्त हिशेब केला. पेपरात डोक्यावर काही छापलेलं नसतं. तेव्हा असं करा. सगळ्या स्वाध्यायांतून मिळून चाळीसेक सिरीज निवडा, एका चिठ्ठीवर एक अशा उतरवा आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाका. रोज दहा काढा. सोडवायच्या नाहीत. एका मिनिटात दोनच गोष्टी मोठ्याने बोलायच्या: पद कोणासारखं वागतंय, आणि कुठल्या टेस्टने दाखवीन. मग चिठ्ठी परत बरणीत. दहातल्या दोनच पूर्ण सोडवा, आणि त्या दोन मात्र अटींसकट: पदं धन आहेत, उतरती आहेत, शून्याकडे जातात. लायब्निट्झ टेस्टमध्ये 'उतरती आहेत' हे न दाखवता पुढे पळणाऱ्यांचे मी मार्क कापत आलोय. तुमचे सरही कापतील.

पहिल्या आठवड्यात मात्र चिठ्ठ्या नकोत. एक जुनं रजिस्टर घ्या, जमा आणि शिल्लक असे दोन रकाने आखा, आणि १/एन व १/एन² या दोघींच्या पन्नास पन्नास ओळी भरा. कंटाळा येईल, भरा.

---

बॅकलॉग_क्लिअर (सकाळी ९:४०)

सर, शंभर ओळी?? आम्हाला अख्ख्या युनिटला दोन आठवडे मिळायचे.

---

खडूची_पूड (सकाळी ९:५२)

आणि पेपर तीनदा द्यावा लागला.

(रागावू नका, गंमत केली.)

---

दुपारची_शिकवणी (चार दिवसांनी, रात्री ११:२५)

सर, भरल्या. गटाचं २०१९ चं रजिस्टर अर्धं कोरं होतं, त्यातच. नवऱ्याने विचारलं, हा कोणाचा हिशेब? म्हटलं, अनंताचा.

पण आता मी जास्तच गोंधळलेय. १/एन ची पन्नासाव्या ओळीला शिल्लक ४.४९९. शेवटची जमा फक्त ०.०२. १/एन² ची पन्नासाव्या ओळीला १.६२५. मला तर दोन्ही थांबायला आल्यासारख्याच वाटतात. दोन म्हाताऱ्या जिना चढताहेत, दोघींना धाप लागलीय. एक वरच्या मजल्यावर बसणार आणि दुसरी थेट गच्चीपार जाणार हे रकान्यावरून कळायचं कसं? आणि रकान्यावरून कळतच नसेल तर मी शंभर ओळी का भरल्या?

---

कोथरूड_ते_एडिसन (रात्री ११:५८)

मी सॉफ्टवेअरवाला, सध्या न्यू जर्सीत. तुमची शंका अगदी रास्त आहे. नुसते आकडे बघून हे कळत नाही, आणि कॉम्प्युटरलाही कळत नाही.

हार्मोनिक सिरीजची शिल्लक ४ ओलांडायला ३१ ओळी लागतात, ५ ला ८३, ६ ला २२७, ७ ला ६१६. प्रत्येक पुढच्या रुपयाला साधारण २.७ पट ओळी (हा २.७ म्हणजे आपला ई, नैसर्गिक लॉगचा पाया). १० ओलांडायला १२,३६७. दहा लाख ओळींनंतरही शिल्लक जेमतेम १४.३९. २० ओलांडायला २७,२४,००,६०० ओळी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी याचा प्रोग्रॅम लिहिला होता, साध्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (म्हणजे अपूर्णांक साठवायची ठरावीक मापाची जागा). शिल्लक १५.४०३७ ला आली आणि तिथेच गोठली. रात्रभर चालू ठेवला, सकाळी तोच आकडा. मी खूश, म्हटलं पुस्तकं चुकलीत. भानगड अशी की त्या साठवणीत १५ च्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांत जे अंतर असतं त्याच्या निम्म्यावर, २०,९७,१५२ व्या ओळीला, जमा येऊन पोचते. तिथून पुढे मशीन दर खेपेला बेरीज करतं आणि परत खालीच गोल करतं. सिरीज चालतच होती, माझी वही भरली होती.

तेव्हा सर पुढे काय सांगतात ते मीही वाचणार आहे.

---

खडूची_पूड (सकाळी ५:५०)

शंभर ओळी या प्रश्नासाठीच भरायला सांगितल्या होत्या ताई. 'रकान्यावरून कळत नाही' हे तुमच्याच हाताला कळलं. मी सांगितलं असतं तर तुम्ही मान डोलावली असती आणि विसरला असता.

आता १/एन चं रजिस्टर उघडा. एक-एक ओळ वाचू नका, गठ्ठे करा. तिसरी आणि चौथी ओळ एकत्र: १/३ + १/४. दोन्ही जमा १/४ किंवा जास्त, म्हणून बेरीज अर्ध्याहून जास्त. पाच ते आठ: चार जमा, प्रत्येक १/८ किंवा जास्त, परत अर्ध्याहून जास्त. नऊ ते सोळा: तेच. सतरा ते बत्तीस: तेच. तुमच्या रजिस्टरात पेन्सिलीने कंस करून बेरीज ताडून पाहा. गठ्ठा दरवेळी दुप्पट मोठा लागतो, पण ओळी कधी संपत नाहीत. म्हणजे अर्धे रुपये मिळतच राहणार. चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेम या फ्रेंच पाद्र्याने हे असंच दाखवलं. लिमिट हा शब्द आज वापरतो त्या अर्थाने तेव्हा कोणाकडे नव्हता, त्याचं यावाचून अडलं नाही.

आता दुसरी म्हातारी. १/एन² ही जमा १/(एन − १) − १/एन पेक्षा लहान आहे. छेद समान करून बघा, एका ओळीत पडतं. मग पन्नासाव्या ओळीनंतरच्या सगळ्या जमा मिळून (१/५० − १/५१) + (१/५१ − १/५२) + … पेक्षा कमी. मधलं कटतं, तुमच्या तिसऱ्या गणितासारखंच. उरतं १/५०, म्हणजे ०.०२. म्हणजे पुढे अनंत हप्ते पडले तरी एकूण दोन पैशांहून जास्त पडणार नाहीत. शिल्लक १.६२५ आहे, ती १.६४५१ च्या वर कधीच जाणार नाही. खरी बेरीज १.६४४९, गणिती ऑयलरने १७३० च्या दशकात काढली, आणि ती निघाली पायचा वर्ग भागिले सहा. तो पाय तिथे कुठून आला हे तुम्हाला या परीक्षेला विचारणार नाहीत, पण कधीतरी वाचा.

आता बघा, दोन्ही ठिकाणी आपण कुठली टेस्ट वापरली? पहिल्या ठिकाणी 'याहून मोठी', दुसऱ्या ठिकाणी 'याहून लहान'. ही कंपॅरिझन टेस्ट. फ्रिजवर होती तीच.

वर्गात मी हार्मोनिकसाठी हजेरीची मस्टरं वापरायचो. टेबलाच्या कडेवर एकावर एक सारख्या मापाची मस्टरं ठेवायची. सगळ्यात वरचं खालच्याच्या निम्मं बाहेर, त्याखालचं त्याच्या खालच्यापासून एक चतुर्थांश बाहेर, मग एक षष्ठांश, मग एक अष्टमांश. चारांची बेरीज २५/२४, म्हणजे वरचं मस्टर पूर्ण टेबलाबाहेर, आणि पडत नाही. गणिताने चारात जमतं, हाताने पाच लागतात. पुरेशी मस्टरं असतील तर हवं तितकं बाहेर जाता येतं, कारण ती निम्मी केलेली हार्मोनिकच आहे. दहावीच्या मुलांसमोर करून बघा. तुमच्या शिकवणीला गर्दी वाढेल.

---

कोथरूड_ते_एडिसन (सकाळी ८:१५)

लेकाच्या चार वह्यांवर केलं. तीनदा पडलं, चौथ्यांदा पाच वह्यांत उभं राहिलं. बायको म्हणाली, ऑफिस नाही का आज?

---

खडूची_पूड (सकाळी ८:४०)

तर मग तुमच्या कॉम्प्युटरसाठी एक. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, श्रेढीव्यवहारात एक गणित आहे: पहिल्या दिवशी दोन कवड्या दान, मग रोज दुप्पट, महिनाभरात एकूण किती? तीस दिवसांचं उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या.

---

कोथरूड_ते_एडिसन (सकाळी ८:५१)

थांबा थांबा. आमच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. म्हणजे दानशूराचं खातं भरायला एक कवडी कमी पडली! इतकी वर्षं हा आकडा रोज बघतोय, आजच्यासारखा नाही बघितला.

---

दुपारची_शिकवणी (दोन आठवड्यांनी, रात्री १०:५०)

तुम्ही दोघं बोलत होतात तेव्हा मी बरणीतून चिठ्ठ्या काढत होते.

पहिल्या दिवशी दहातल्या तीन बरोबर. काल आठ. चुकल्या त्या दोन्ही (−१) वाल्या. लायब्निट्झने कन्व्हर्ज म्हटलं की मी तिथेच थांबते, 'ॲब्सोल्यूट की कंडिशनल' विचारलंय हे विसरते. आता चिठ्ठीच्या मागे लाल पेनाने लिहून ठेवलंय, 'चिन्ह काढून पुन्हा बघ'. (−१) चा एनवा घात भागिले √एन: चिन्हासकट थांबते, चिन्ह काढलं की १/√एन, ती १/एन पेक्षाही मोठी, मोकाट. म्हणून कंडिशनल. बरोबर ना?

आणि एक कबूल करते. बॅकलॉग_क्लिअरची यादी पण बरणीच्या झाकणावर चिकटवलीय. आधी चाल, मग यादी. दोन्ही मिळून वेग येतोय.

---

बॅकलॉग_क्लिअर (रात्री ११:०२)

झाकणावर! घरी सांगतो, आपण छापून आलो.

---

खडूची_पूड (सकाळी ६:२०)

बरोबर. अशा उलटसुलट चिन्हांच्या सिरीजची गंमत म्हणजे चूक किती उरली ते लगेच सांगता येतं: पदं उतरती असतील तर पुढच्या पदाहून जास्त नाही. पण आपल्याकडे त्याच्याही पुढे गेलेले लोक होते. १ − १/३ + १/५ − १/७ … ही बेरीज पायचा चौथा भाग. लायब्निट्झच्या नावावर चालते, पण तिच्या दोनशे-अडीचशे वर्षं आधी केरळातल्या माधवाच्या परंपरेत ती माहीत होती, आणि ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातल्या 'युक्तिभाषा' या मल्याळम् ग्रंथात तिची उपपत्ती दिलेली आहे. ही सिरीज भलती आळशी. दहा पदं घेऊन चाराने गुणलं तर ३.०४१८ येतं, पायपासून कितीतरी लांब. पण ते तिथे थांबले नाहीत. उरलेल्या शेपटीचा अंदाज बांधून शेवटी एक दुरुस्ती जोडायची. पायसाठी सगळ्यात साधी दुरुस्ती १/एन: दहा पदांना ०.१. ३.०४१८ + ०.१ = ३.१४१८. त्याहून बारीक दुरुस्ती ४एन/(४एन² + १), म्हणजे ४०/४०१: ३.१४१५९.

रजिस्टरात दहा ओळी भरा आणि स्वतः जोडून पाहा. दहा ओळींत पाच दशांश स्थळं.

---

दुपारची_शिकवणी (त्याच रात्री, ११:१५)

भरल्या. अंगावर काटा आला. दोनदा बेरीज केली, विश्वास बसेना.

शेवटचा एक प्रश्न, मग छळत नाही. पॉवर सिरीज, एक्सच्या कुठल्या किमतींना ती कन्व्हर्ज होते ते काढायचंय. (एक्स − ३) चा एनवा घात, भागिले एन गुणिले २ चा एनवा घात. रेशो लावली, (एक्स − ३) ची किंमत चिन्ह सोडून २ पेक्षा कमी हवी, म्हणजे १ ते ५ च्या मधे. पुस्तकातल्या उत्तरात एक टोक घेतलंय आणि एक सोडलंय. टोकांना रेशो १ येते, म्हणजे ती हात वर करते, इथवर कळलं. पुढे?

---

खडूची_पूड (सकाळी ५:४५)

टोकं एक्सच्या जागी ठेवा आणि काय सिरीज उरते ते बघा. मी सांगत नाही.

---

दुपारची_शिकवणी (सकाळी ६:३०)

डबे भरता भरता केलं. ५ ठेवले की २ चे घात कटतात आणि १/एन उरते, ती गच्चीपार जाणारी म्हातारी. ५ सोडला. १ ठेवला की तीच, पण (−१) च्या घातासकट. पदं धन केली तर उतरती, शून्याकडे जातात, लायब्निट्झ. १ घेतला.

---

खडूची_पूड (सकाळी ६:३४)

'उतरती' लिहिलंत. पूर्ण मार्क.